पाड्यावरचा व्हिडिओ पुसट का होतो?

अभ्यासपाठ: सेवाकार्यातील तरुण, शिक्षक व स्वयंसेवक यांच्यासाठी



पालघर, नाशिक, नंदुरबार या जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांवर सेवेसाठी जाणाऱ्या चमूत आता निदान एकाच्या तरी हाती चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल असतो. आरोग्य शिबिर, मुलांचा वर्ग, विहिरीचे काम, संध्याकाळचा तारपा नाच असे सगळे त्यात टिपले जाते. मोबाईलवर पाहताना चित्र लख्ख असते. तेच चित्र मंडळीच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर आले की चेहरे मेणाचे वाटतात, झाडांची पाने हिरव्या डागांसारखी दिसतात आणि खाली लिहिलेली मराठी ओळ वाचता येत नाही. मग कोणी मोबाईलला दोष देतो, कोणी नेटवर्कला. पुष्कळदा दोन्ही ठीक असतात. नुकसान होते ते व्हिडिओ एका हातातून दुसऱ्या हातात जाताना.

हे नुकसान कुठे व कसे होते आणि ते कसे टाळावे, एवढाच या पाठाचा विषय आहे. तांत्रिक शब्द थोडे येतील, पण प्रत्येकाचा अर्थ सांगितला आहे. तरुण संघाच्या एका बैठकीत हा पाठ वाचून त्यावर चर्चा करता येईल.

१. हा विषय आपल्या कामाचा का आहे?

तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण आरोग्याचे. जुलाबात शरीरातील पाणी व क्षार कमी होतात, त्यासाठी क्षारसंजीवनी द्यावी लागते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण जगभर शिकवले जाते. त्यात मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो. आता हे प्रमाण व्हिडिओत बारीक अक्षरांत लिहिले आणि चित्र पुसट झाले, तर ‘६’ आणि ‘३’ यांतला फरक कळत नाही. ‘अर्धा’ शब्दातला रफार दिसत नाही. ज्या आईसाठी तो व्हिडिओ केला, तिच्याच उपयोगाचा तो उरत नाही.

दुसरे उदाहरण वारली चित्रांचे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीने ही चित्रे काढतात. त्रिकोणी अंगाची माणसे, लग्नचौक, तारप्याभोवतीचा फेर असे सारे बारीक रेघांत असते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्या कलेचा प्राण रेघेत आहे, आणि खराब व्हिडिओत सर्वांत आधी जाते ती रेघच.

तिसरे उदाहरण गाण्यांचे. वारली लग्नात धवलेरी ही स्त्री लग्नविधी चालवते आणि गाणी गाते. ती गाणी तिला मुखोद्गत असतात, पुस्तकात छापलेली नसतात. एखाद्या वृद्ध धवलेरीने आपल्या मोबाईलसमोर गाणे म्हटले, तर ती तिच्या जवळची मोठी ठेव आपल्याकडे सोपवते. पुढे तिच्या नातींना ते गाणे शब्द न् शब्द ऐकू आले पाहिजे. उरलेली एकमेव प्रत व्हॉट्सॲपवर आलेली असेल, तर तसे होईलच असे नाही.

म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. ज्यांनी आपल्याला वेळ दिला, घरात घेतले, आपली कला व आपले शब्द दिले, त्यांचे देणे नीट सांभाळण्याचा हा प्रश्न आहे.

२. मोबाईलच्या आत काय होते?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. एका सेकंदाला साधारण २५ किंवा ३० फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेम बारीक ठिपक्यांची बनलेली असते. ‘१०८०पी’ म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, असे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. ‘४के’ म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे त्याच्या बरोबर चौपट, सुमारे ८३ लाख ठिपके.

प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला, तर १०८०पीची एक फ्रेम ६२ लाख बाइटांची होते. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला सुमारे ११ जीबी होतात. एवढे कोणताही साधा मोबाईल साठवू शकत नाही. म्हणून मोबाईल चित्रीकरण चालू असतानाच फाइल दाबून लहान करतो. यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. आयफोनच्या सेटिंगमध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे, नव्या पद्धतीने साठवल्यास १०८०पीचे एक मिनिट सुमारे ६० एमबी आणि ४केचे एक मिनिट सुमारे १७० एमबी होते. म्हणजे ११ जीबीचे ६० एमबी!

हे कसे जमते? मागील फ्रेममध्ये जी भिंत होती तीच पुढील फ्रेममध्येही असेल, तर ती पुन्हा साठवायची नाही, फक्त बदल तेवढा नोंदवायचा. शिवाय आपल्या डोळ्यांना जे बारकावे सहसा जाणवत नाहीत ते सोडून द्यायचे. रंगाची माहिती उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षा कमी ठेवायची. ही पहिली दाबणी मोबाईल काळजीपूर्वक करतो, म्हणून चित्र चांगले दिसते. पण जे बारकावे एकदा सोडून दिले ते पुढे कोणत्याही ॲपने परत आणता येत नाहीत.

३. अपलोड करताना काय होते?

यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्याकडे फाइल गेली की ती जशीच्या तशी लोकांना दाखवली जात नाही. निरनिराळ्या मोबाईलसाठी व नेटवर्कसाठी तिच्या लहानमोठ्या प्रती केल्या जातात, आणि प्रत्येक प्रत नव्याने दाबली जाते. व्हॉट्सॲप तर पाठवण्यापूर्वी तुमच्या मोबाईलमध्येच व्हिडिओ लहान करते. साध्या पर्यायात तो साधारण ४८०पीचा होतो आणि एचडी पर्यायात ७२०पीचा. ४केमध्ये घेतलेला व्हिडिओ ४८०पीचा झाला, तर वीस ठिपक्यांमागे एकच ठिपका उरतो.

झेरॉक्सचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मूळ दाखल्याची झेरॉक्स वाचता येते. झेरॉक्सची झेरॉक्स फिकी येते. तिचीही झेरॉक्स काढली तर शिक्का काळा होतो आणि सही पुसते. व्हिडिओचे नेमके तसेच आहे. पाड्यावरच्या भावाने व्हॉट्सॲपवर पाठवला ही पहिली झेरॉक्स. तो संपादनाच्या ॲपमध्ये घालून गाणे व नावे जोडली ही दुसरी. तो पुन्हा व्हॉट्सॲपवर मंडळीच्या सचिवांकडे गेला ही तिसरी. त्यांनी फेसबुकवर चढवला ही चौथी. चार हात फिरल्यावर धवलेरीचा चेहरा ओळखू येत नाही यात नवल नाही.

काही दृश्ये दाबणीला फार जड जातात. ज्यात सगळेच सतत हलते ते दृश्य, उदाहरणार्थ पाऊस, वाहता ओढा, वाऱ्याने हलणारे गवत. अंधारातील दृश्य, कारण कमी उजेडात कॅमेरा जे दाणेदार चित्र घेतो ते दाणे प्रत्येक फ्रेममध्ये बदलतात. तसेच हातात धरून हलणाऱ्या मोबाईलने घेतलेले दृश्य. तारपा नाच बहुधा रात्री होतो. उजेड थोडा, पायांची धूळ, फेर सतत फिरता, आणि चित्रीकरण करणाराही फेराबरोबर चालत असतो. म्हणजे सर्व अडचणी एकाच ठिकाणी! म्हणूनच शिबिराचे भाषण ठीक दिसते आणि नाच मात्र चौकोनी ठिकऱ्यांचा दिसतो.

यातून या पाठाचा मुख्य नियम निघतो: मूळ फाइल एक जपून ठेवावी, प्रत्येक प्रत त्या मूळ फाइलवरूनच करावी, आणि मधले हात कमीत कमी ठेवावेत. पुढील सर्व सूचना या नियमातूनच येतात.

४. चित्रीकरण करताना

चांगल्या मूळ चित्राला दाबणीचा त्रास कमी होतो.

लेन्स स्वच्छ सुती कपड्याने पुसा. खिशातल्या धुळीने व बोटांच्या तेलाने चित्रावर धुके येते.

शक्य तेव्हा दिवसाच्या उजेडात चित्रीकरण करा. घरात बोलणाऱ्या व्यक्तीला दाराकडे तोंड करून बसवा, दार तिच्या पाठीशी नको. नाच दाखवायचा असेल तर गावकऱ्यांना सोयीचे असेल तरच थोडा भाग सायंकाळी उजेड असताना टिपावा. केवळ आपल्या कॅमेऱ्यासाठी त्यांचा कार्यक्रम हलवू नये.

मोबाईल तिपाईवर ठेवा. तिपाई नसेल तर ओट्यावर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवा. नाचाभोवती फिरण्यापेक्षा एका जागी उभे राहून फेर आपल्यासमोरून जाऊ द्या. पार्श्वभूमी स्थिर राहिली की दाबणीला नाचणाऱ्यांच्या पायांकडे जास्त लक्ष देता येते.

बोटांनी झूम करू नका, चार पावले पुढे जा. असा झूम बहुधा चित्र फक्त ताणून मोठे करतो.

वर्ग, सभा व मुलाखत यांसाठी १०८०पी, ३० फ्रेम पुरेसे आहे. भिंतीवरची चित्रे, हस्तकला आणि जतन करण्याजोगी गाणी यांसाठी जागा असेल तर ४के घ्या. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकताना दिसले तर २५ फ्रेमचा पर्याय निवडून पाहा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे २५ फ्रेम तिच्याशी जुळतात. ‘एचडीआर’ व्हिडिओचा पर्याय मात्र बंद ठेवा, कारण तो दुसऱ्या मोबाईलवर किंवा संपादनानंतर फिका अथवा काळपट दिसू शकतो.

आवाज विसरू नका. चित्र थोडे पुसट असले तरी लोक पाहतात, पण शब्द कळले नाहीत तर पाहणे सोडून देतात. गाणाऱ्या व्यक्तीच्या जवळ जा, वारा वाहत असेल तर आडोसा शोधा, आणि साधा कॉलर माइक असेल तर वापरा.

५. मूळ फाइल उतरवून घेणे व जपणे

सर्वाधिक नुकसान याच पायरीवर होते, म्हणून येथे थोडे थांबू.

चित्रीकरण करणाऱ्याच्या मोबाईलमधून फाइल केबलने संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. तसे जमत नसेल तर गुगल ड्राइव्हवर चढवून दुवा पाठवावा. ड्राइव्हवर मूळ फाइल जशीच्या तशी राहते. व्हॉट्सॲपनेच पाठवायची असेल तर ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय निवडून पाठवावी. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल दाबली जात नाही, आणि २ जीबीपर्यंतची फाइल तशी जाते. टेलिग्राममध्येही फाइल म्हणून पाठवण्याची अशीच सोय आहे.

गुगल फोटोज वापरणाऱ्यांनी बॅकअपचा दर्जा ‘ओरिजिनल क्वालिटी’ आहे ना, हे पाहावे. जागा वाचवण्याचा पर्याय निवडलेला असेल तर ४के व्हिडिओ तेथे १०८०पीचा होतो. मग मोबाईलमधील फाइल पुसली की मूळ कायमचे गेले. विनामूल्य जागा १५ जीबीच असते आणि ती जीमेल व ड्राइव्ह यांच्याशी वाटून घ्यावी लागते, हेही ध्यानात असावे.

हाती आलेली फाइल मूळ आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे: तिचे वजन पाहा. १०८०पीमध्ये घेतलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ साधारण १८० एमबी किंवा त्याहून मोठा असतो. तुमच्याकडे आलेली फाइल १५-२० एमबीची असेल, तर ती मूळ नाही. पाठवणाऱ्याला प्रेमाने पुन्हा विचारा.

मूळ फाइलच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा. उदाहरणार्थ, एक कार्यालयातील हार्ड डिस्कवर आणि एक ड्राइव्हवर. फाइलचे नाव ‘वर्ष-महिना-दिवस-पाडा-विषय’ अशा क्रमाने लिहा. कोण गात आहे, कोणत्या बोलीत, कशाचे गाणे, हे त्याच दिवशी वहीत नोंदवा. वर्षभराने कोणाला आठवत नाही.

मूळ गमावले की काय होते याचे एक ठळक उदाहरण आपल्या चित्रपटसृष्टीतच आहे. ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात प्रदर्शित झाला. लोकांनी तिकिटांसाठी गर्दी केली. आज त्याची छायाचित्रे आहेत, जाहिराती आहेत, पण चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, तोवर कितीतरी जुने चित्रपट नष्ट झाले होते. ज्यांनी ते बनवले त्यांना ते नष्ट करायचे नव्हते. जपण्याचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नव्हते. आपल्या चमूतही हे काम एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवलेले असावे.

६. संपादन एकदाच

संपादन मूळ फाइलवरच करावे आणि तयार व्हिडिओ एकदाच बाहेर काढावा. एका ॲपमध्ये कापणे, दुसऱ्यात नावे घालणे, तिसऱ्यात गाणे जोडणे असे केले तर प्रत्येक वेळी नवी दाबणी होते.

व्हिडिओ बाहेर काढताना ॲप काही गोष्टी विचारते. यूट्यूबने स्वतः सुचवलेले आकडे येथे उपयोगी पडतात:

- फाइलचा प्रकार: एमपी४. चित्रासाठी एच.२६४, आवाजासाठी एएसी.
- फ्रेमचा वेग: चित्रीकरण ज्या वेगाने केले तोच. २५ असेल तर २५, ३० असेल तर ३०.
- बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती ठेवायची ते: २५ किंवा ३० फ्रेमसाठी ७२०पीला ५ एमबीपीएस, १०८०पीला ८ एमबीपीएस, ४केला ३५ ते ४५ एमबीपीएस.
- आवाज: ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओसाठी ३८४ केबीपीएस.

यापेक्षा कमी बिटरेट ठेवला तर अपलोड लवकर होते, पण दर्जा घरातूनच घालवून बाहेर पडल्यासारखे होते. थोडा जास्त ठेवल्याने नुकसान नाही, फाइल तेवढी मोठी होते. १०८०पीच्या चित्राला ओढून ४के केल्याने मात्र नवे बारकावे निर्माण होत नाहीत.

मराठी अक्षरांसाठी विशेष काळजी हवी. देवनागरीत अर्थ पुष्कळदा एका टिंबावर किंवा मात्रेवर अवलंबून असतो. म्हणून अक्षराची उंची चित्राच्या उंचीच्या पंधराव्या भागापेक्षा कमी नसावी. व्हिडिओ ४८०पीचा झाला तरी त्या अक्षराला ३२ ठिपके मिळतात आणि अनुस्वार टिकतो. ठळक, साधा फाँट घ्या. गडद पट्टीवर पांढरी अक्षरे सर्वांत चांगली टिकतात. काळ्यावर लाल किंवा निळ्यावर लाल अक्षरे टाळा, कारण दाबणीत रंगाची माहितीच जास्त कमी होते आणि अशा अक्षरांच्या कडा विरघळतात. औषधाचे किंवा मिठासाखरेचे प्रमाण आकड्यांत व शब्दांत दोन्ही लिहा, आणि तोंडानेही सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर आवाज हाच आधार आहे.

७. कोठे कसे चढवावे?

ॲपमधील पर्यायांची नावे व जागा अधूनमधून बदलतात. खालील सूचना त्या धोरणाने वाचाव्यात.

यूट्यूब: मोठे व्हिडिओ व जतन करण्याजोगी गाणी यांसाठी हे सोयीचे आहे. शक्य तर संगणकावरून चढवा. खाते फोन क्रमांकाने पडताळलेले नसेल तर १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही. चढवल्यानंतर आधी कमी दर्जाची प्रत तयार होते, एचडी व ४के नंतर. म्हणून आधी ‘प्रायव्हेट’ ठेवा, एचडी प्रत तयार झाल्यावरच सर्वांसाठी खुला करा. पाहणाऱ्यांनाही सांगा की चित्र पुसट वाटल्यास चाकाच्या चिन्हावर जाऊन दर्जा वाढवावा. पुष्कळ तक्रारी एवढ्यानेच मिटतात. आणि यूट्यूब हा मूळ फाइलचा साठा नव्हे, हे विसरू नये.

फेसबुक: सेटिंगमधील ‘मीडिया’ भागात व्हिडिओ एचडीत चढवण्याचा पर्याय शोधून चालू करा. यूट्यूबवरून उतरवलेला व्हिडिओ फेसबुकवर टाकू नका. मूळ संपादित फाइलच पुन्हा चढवा.

इन्स्टाग्राम: सेटिंगमध्ये ‘मीडिया क्वालिटी’ या ठिकाणी उच्च दर्जाने अपलोड करण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. रीलसाठी १०८० गुणिले १९२० ठिपक्यांचा उभा व्हिडिओ द्या. ४के दिल्याने येथे फायदा होत नाही.

व्हॉट्सॲप: सेटिंगमधील ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये पाठवण्याचा दर्जा ‘एचडी’ ठेवा. सर्वांना पाहण्यासाठी एचडी, आणि संपादनासाठी किंवा जतनासाठी डॉक्युमेंट, एवढा फरक चमूतील प्रत्येकाने पाठ करून ठेवावा.

८. नेटवर्क कमी असेल तेव्हा

जव्हार-मोखाड्याच्या किंवा सातपुड्याच्या दुर्गम भागात काम करणारे भाऊ म्हणतील, हे सर्व शहरात ठीक आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे. हिशेब करून पाहा. १०८०पीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ ८ एमबीपीएसने सुमारे ६०० एमबी होतो. नेटवर्कचा अपलोड वेग २ एमबीपीएस असेल तर तो चढायला ४० मिनिटे लागतील. तोच ४के व्हिडिओ ४० एमबीपीएसने ३ जीबीचा होईल, आणि तीन तास वीस मिनिटे लागतील, तीही मध्ये रेंज गेली नाही तर.

म्हणून पाड्यावरून अपलोड करण्याची घाई करू नये. तेथून एखादे छायाचित्र व दोन ओळींचा निरोप पाठवावा. मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह पुढील फेरीत तालुक्याच्या गावी येऊ द्या. आठवडाभर उशीर झाला तरी चालेल, मूळ शाबूत राहते.

याची दुसरी बाजूही पाहावी. आरोग्याचा व्हिडिओ पाड्यावरच्या आईला पाहायचा आहे. तिच्या घरी एकच साधा मोबाईल असेल, डेटा मोजका असेल. तिला ६०० एमबीची फाइल पाठवणे म्हणजे तिचा दिवसाचा डेटा संपवणे. तिच्यासाठी मूळ फाइलवरून वेगळी, दोन मिनिटांची, मोठ्या अक्षरांची, ४८०पीची प्रत करा. मूळ चांगले असेल आणि प्रत थेट त्यावरून केली असेल, तर ४८०पीही स्वच्छ दिसते. दर्जा म्हणजे मोठी फाइल नव्हे. ज्याच्यासाठी केले त्याला नीट दिसणे व ऐकू येणे, हाच दर्जा.

९. चित्र स्पष्ट, तशी जबाबदारीही स्पष्ट

स्पष्ट व्हिडिओत चेहरा, घर, अंगावरची जखम, भिंतीवरचे नाव हे सर्व स्पष्ट दिसते. म्हणून चित्रीकरणापूर्वी व्यक्तीला तिच्या बोलीत समजेल असे सांगा: हा व्हिडिओ कोठे दिसेल, कोण पाहील. परवानगी दिल्यावरही ती मागे घेण्याचा हक्क तिला आहे. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्या. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. अशा मुलांचे चित्रीकरण टाळणेच योग्य. रुग्णाची किंवा कुपोषित बाळाची दया येईल अशी दृश्ये देणगीसाठी वापरू नयेत.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थळनोंद चालू असेल तर मूळ फाइलमध्ये चित्रीकरणाच्या जागेची माहितीही साठते, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवताना ती फाइलबरोबर जाऊ शकते. संवेदनशील ठिकाणी चित्रीकरणापूर्वी ती बंद करा.

शेवटी, पाड्याला त्यांची प्रत परत द्या. तारपकऱ्याला, चित्र काढणाऱ्या बहिणीला, गाणाऱ्या आजीला त्यांचा व्हिडिओ चांगल्या दर्जात मेमरी कार्डवर घालून द्यावा. तो आधी त्यांचा आहे, मग आपला.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीकडे मागील वर्षी आलेल्या व्हिडिओंपैकी कितींची मूळ फाइल आज आपल्याजवळ आहे? ती कोणाकडे आहे?

२. पाड्यापासून फेसबुकपर्यंत आपला व्हिडिओ किती हातांतून जातो? त्यांतील कोणता हात कमी करता येईल?

३. आपण ज्यांचे चित्रीकरण केले, त्यांच्यापैकी किती जणांनी स्वतःचा व्हिडिओ पाहिला आहे?

करून पाहा

एका मिनिटाचा व्हिडिओ १०८०पीमध्ये घ्या. त्यात कोणाच्या तरी हातात मोठ्या व लहान अक्षरांत लिहिलेला कागद असू द्या. तोच व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साधा, मग एचडी, मग डॉक्युमेंट म्हणून, असा तीनदा पाठवा. तिन्ही फाइलींचे वजन वहीत लिहा आणि कागदावरची सर्वांत लहान ओळ कोणत्या फाइलीत वाचता येते ते एकत्र बसून पाहा. तरुण संघातील प्रत्येकाने हे एकदा केले, तर पुढील शिबिराला जाताना वेगळी सूचना द्यावी लागणार नाही.

पुढील फेरी निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवून घ्या: चित्रीकरण कोण करील, मूळ फाइल कोण जपेल, आणि पाड्याला प्रत कोण पोहोचवील. तिन्ही नावे वहीत लिहून ठेवा.